पाण्यावर केलेलं शून्य

हॅलो? … कोण, अपेक्षा? अगं, किती महिन्यांनी! … हो, हो, रिटायर झालेय, मेले नाहीये अजून. बोल… अगं, रडतेस काय? लॅबमध्ये काही झालं?

…लोहाच्या टॉनिकचं? … नवीन मशीन बिघडलं? … नाही? मग?

…थांब, थांब. मशीनचं शून्य कशावर केलंस? … पाण्यावर? साध्या पाण्यावर? अगं, ते टॉनिक मुळातच तपकिरी! आधी लोह न घातलेला पाक ठेवायचा, त्यावर शून्य करायचं, मग नमुना. चार वर्षं काय शिकवत होते मी तुला? … हो ना, पाकाचा रंगही प्रकाश अडवतो, आणि मशीन बिचारं तेही लोहच समजतं.

…पाक करण्यात अर्धा दिवस जातो म्हणून? मॅनेजर रावसाहेब म्हणाले? 'कॉम्प्युटरवालं मशीन आहे, त्याला सगळं कळतं'? वा! मशीनला कळतं, साहेबांनाच तेवढं कळायचं राहिलंय.

…बरं, आता नीट मोजलंस ना? लोह किती भरलं? … लेबलवरच्या निम्मंच? आणि तरी माल पास होत गेला?

…आणि हे किती दिवस चाललंय? … पाच महिने! अगं, गरोदर बायका पितात ते!

…हं. ऐकतेय. … परवा आयएसओवाले तपासणीला येणार, बरं. … काय म्हणालीस? परत बोल. … कौशल्या मॅडमनीच असं शिकवलं, म्हणून सांगायचं? मी? पाण्यावर? … 'तुमचं आता काय जाणार'… हे वाक्य तुझं की रावसाहेबांचं? … तिथेच उभे आहेत ना ते?

…अगं, ऐक ना. तुझी नोकरी, भावाचं इंजिनिअरिंग, सगळं कळतं मला. सांग माझं नाव. खुशाल सांग. सत्तावीस वर्षांत एक रीडिंग चुकलं नाही माझं, तरी सांग. फक्त बाजारात गेलेल्या बाटल्या परत मागवा. सगळ्या.

…हॅलो? … विचार त्यांना. थांबते मी.

…हं, बोल. … बाटल्या नाही मागवणार? … फक्त नाव हवंय. फाइलला लावायला.

…नाही गं, चिडले नाही. फोन ठेव, मला औषध निरीक्षकांना लावायचाय. … हो, नाव माझंच सांगणार आहे, तक्रार करणारी म्हणून. … तुझंही येईल त्यात. मी काय करू? … नको, आता 'मॅडम, मॅडम' करू नकोस.

ठेवते.