रविवारी बंद

मंडळी, परमेश्वरानं सहा दिवस राबून सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. हे त्याला जमलं, कारण त्याची बेकरी नव्हती.

हसू नका. नथानिएल वाघचौरे यांची होती, आणि तरी ते रविवार पाळायचे. शटरवर पाटीच होती — ‘रविवारी बंद. प्रभूचा दिवस.’ गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जायचं, शेठ कोट चढवून देवळात, म्हणजे चर्चमध्ये. आता सांगा, दुकानाला कुलूप लागलं म्हणजे विसावा पाळला गेला का? एवढ्यात माना डोलवू नका. ऐका.

सोमवारचा पाव काही बायबलातल्या मान्न्यासारखा आभाळातून पडत नाही. त्याचं पीठ रविवारी मळावं लागतं. आणि विटांची भट्टी एकदा गार झाली, की पुन्हा तापायला दिवस खाते. म्हणून पुढं शटर खाली, आणि मागच्या दारी भिका कारागीर — उघडाबंब, घामानं निथळत. शेठचा हिशेब सरळ होता: भिका ख्रिस्ती नाही, तेव्हा रविवार त्याला लागू नाही.

एका रविवारी देवळात निघालेल्या शेठना भिका आडवा आला.

“मालक, गावाहून फोन होता. आईनं अन्न सोडलंय. आज जाऊन येऊ का?”

“आज? अरे, आज आमचा वार. तुझा कोणता?”

“मंगळवार. देवीचा.”

“मग मंगळवारी जा की.”

“मंगळवारी दुकान चालू असतं, मालक.”

शेठनी कोटाचं बटण लावलं. “उद्याचा पाव निघू दे, मग बघू. मी प्रार्थना करतो तिच्यासाठी.”

केलीही, मंडळी. खोटं का बोला.

त्या दिवशी देवळात शेठचाच सत्कार होता. धंद्यापेक्षा देवाचा दिवस मोठा मानला, म्हणून शाल. पाळकसाहेब म्हणाले, “आजचं वचन शेठच वाचतील.” शेठ चष्मा लावून उभे राहिले. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा — लहानपणापासून पाठ. म्हणजे, पहिली ओळ पाठ. पुढं वाचत गेले. तू काम करायचं नाही. मुलानं नाही, मुलीनं नाही. तुझ्या चाकरानं — इथं शेठचा आवाज बसला. पाळकसाहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. शेठ पुढं वाचू लागले. गुराढोरांनीही नाही. दारात आलेल्या परक्यानंही नाही.

म्हणजे बैलाला रविवार होता. भिकाला नव्हता.

शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत शेठ खांद्यावरच्या शालीसकट मागच्या दारी पोचले. धाप लागलेली.

“भिका, ऊठ. आत्ता निघ. रिक्षा करून जा.”

भिकानं परातीतून मान वर केली नाही. “गेली, मालक. तुम्ही देवळात होता तेव्हाच फोन आला.”

“मग इथं काय करतोयस?”

“निम्मं पीठ भिजलं होतं. तुम्ही म्हणाला होता ना, पाव निघू दे.”

शेठनी कोट काढला. भिकाला दंडाला धरून उठवलं, रिक्षात बसवलं, आणि राहिलेलं पीठ स्वतः मळलं. प्रभूच्या दिवशी. शाल जळणाच्या ढिगावर पडली होती.

तर मंडळी, आता तुमच्याकडे येतो. तुम्ही धुतली कापडं घालून इथं विसावलाय. माझा माइक चालावा म्हणून मागं जनरेटरपाशी एक माणूस बसलाय. त्याचा वार कोणता, कोणी विचारलंय? सगळ्यांनी एकदम वळून बघू नका, ओशाळेल तो.

भिका गावी पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. सोमवारचा पाव वेळेवर निघाला. जरा घट्ट होता, पण सगळा खपला.