पूर्ण्याला जाणारी पत्रं

कशेळीला ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती. बुधी दांडा धरून उभी होती, आणि समोरच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेतलेली मुलगी शेजारच्याशी बोलत होती.

“भावेश, सगळ्या पत्रांवरचे पत्तेच गेले रे!”

“काय बदललंस?”

“‘प्रिय’ची ओळ काढली फक्त.”

“प्राजक्ता, हे वर्ड नाही, लेटेक आहे, इथे सगळं कमांडवर चालतं. ‘प्रिय’ची ती ओळ म्हणजे ओपनिंगची कमांड, तिच्यामुळेच पत्ता छापला जातो.”

“पण कामावरून काढतोय आणि वर ‘प्रिय’ लिहायचं?”

“मग कंसातला ‘प्रिय’ तेवढा काढ, पण ओळ पाहिजे. दुपारी पूर्ण्याच्या गोडाऊनला वाटायचीत.”

“हां, आले पत्ते.”

बुधी पुढे वाकली.

“बाय, माजा पोरगा तिथं लोडिंगला हाय. त्याचं नाव न्हाय ना त्यात?”

“मावशी, आम्हाला असं सांगता येत नाही,” भावेश म्हणाला.

“नाव काय त्याचं?” प्राजक्ताने हळूच विचारलं.

“किशन मुकणे.”

प्राजक्ताचं बोट स्क्रीनवरच्या नावांवरून सरकत गेलं आणि थांबलं. लॅपटॉप मिटून ती उठली.

“मावशी, तुम्ही बसा इथे.”

“नको बाय, मी उबीच बरी,” बुधी म्हणाली, आणि तिने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.