आग्या माशा उठल्या तेव्हा

आग्या मोहोळ उठलेलं तुम्ही पाहिलंय कधी? मी अजिंठ्याला पाहिलं. धुळ्याहून मी, बायको सुनीता आणि माझे सासरे नाना, असे तिघं लेणी बघायला गेलो होतो. एका लेण्यातून दुसऱ्याकडे जात होतो, तोच पहारेकरी ओरडला, "माशा उठल्या, आत पळा." सगळे पळाले, आम्हीही पळालो. आत अंधारात मूर्तीपाशी पोचल्यावर सुनीता म्हणाली, "नाना कुठं आहेत?"

नाना बाहेर कठड्याला टेकून बसले होते. टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर माशाच माशा. सुनीता निघाली, तर पहारेकऱ्यानं तिला अडवलं. "ताई, तुम्ही गेलात तर माशा अजून चिडतील." मी तिचा हात घट्ट धरला आणि नानांची छाती हलतेय का, एवढंच बघत राहिलो. मला ती हलताना दिसेना. सुनीता हुंदके दाबत होती.

बऱ्याच वेळानं माशा दरीकडे निघून गेल्या. आम्ही धावलो. नानांच्या मानेवर थोडे डंख होते, बाकी ठीक होतं.

"आबा, हलला नाहीत म्हणून वाचलात," पहारेकरी म्हणाला. "एवढा धीर मी कुणात पाहिला नाही."

नानांनी नुसती मान डोलावली. तो गेल्यावर त्यांनी माझं मनगट पकडलं.

"जवाईबापू," ते हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले, "धीर कसाना? मना पायच हालनात नहीत."