पाणी मागायला गेलो होतो

माझं नाव काशिनाथ, आमचं घर अंबरनाथच्या खालच्या अंगाला, वालधुनीच्या काठी, आता तिथून उल्हासनगर कुठं सुरू होतं ते कळतही नाही, पण आमच्या लहानपणी मधे सगळी शेतंच होती. आईबाप लवकर गेले, मला वाढवलं ते दादानं आणि वैनीनं. दादाचा भाजीचा मळा होता, दिवाळी झाली की मेथी, पालक, मुळा, सगळं नदीच्या पाण्यावर, आणि सकाळी टोपली घेऊन दादा-वैनी उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारात. सिंधी बायका वाट बघायच्या, काका आ गया म्हणायच्या. त्या भाजीवर मी आयटीआय केलं आणि ऐंशी सालानंतर रंगाच्या कारखान्यात लागलो. पर्मनंट झालो तेव्हा दादानं आख्ख्या आळीत पेढे वाटले, आणि भोंगा झाला की वैनी शेजारणींना सांगायची, आमचा काशी सुटला आता.

दादाची एक पद्धत होती, मळ्याची पहिली तोडणी विकायची नाही, ती घरात खायची आणि भावकीत वाटायची. लग्न झाल्यावर मी कंपनीजवळ खोली घेतली तरी पहिली जुडी माझ्याकडे यायचीच. एका वर्षी आली नाही. विचारलं तर दादा म्हणाला, यंदा नको, तुझी पोरं लहान आहेत.

नदी कधी लाल व्हायची, कधी निळी, आम्ही ज्या रंगाचा माल काढू तशी. टाकी धुऊन पाणी सोडायचं काम आमच्याच शिफ्टला असायचं, ते मला माहीत आणि दादालाही माहीत, पण तो कधी बोलला नाही, काय सांगू तुम्हाला, एका शब्दानं बोलला नाही. बाजारात बायका जुडी नाकाला लावून परत ठेवायला लागल्या, काका, इसमें तो दवाई की बू आती है. वैनी म्हणायची, मग बरंच आहे, आमची मेथी खा, डॉक्टर नको. त्या हसायच्या, पण घ्यायच्या नाहीत.

मग एकदा दादाच म्हणाला, काशी, साहेबाला सांगून बघ, कारखाना बंद करा म्हणत नाही, तुझी भाकरी आहे तिथं, पण मळ्याला पाणी लावायचं असेल त्या दिवशी तेवढं सोडू नका. मी साहेबासमोर उभा राहिलो. त्यानं नीट ऐकून घेतलं, ओरडला नाही. म्हणाला, पाणी काय आपल्या एकट्याचं आहे का, वरून सगळ्यांचंच येतं. भावाची अडचण आहे ना, मग वॉचमनची जागा आहे, उद्या पाठव. आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी सायकल दामटत घरी गेलो, दादा, काम झालं म्हणालो. त्यानं विचारलं, कुठल्या दिवशी बंद ठेवणार. मी म्हणालो, तसं नाही, तुला कामावर घेतायत. वैनी म्हणाली, पाणी मागायला पाठवला, नोकरी घेऊन आला, शिकलेला आहे ना.

मळा तेव्हापासून पडीक आहे. दादा खाकी घालून गेटवर बसतो. पगार वेळेवर होतो, वैनीच्या दम्याची औषधं त्यातूनच येतात, आणि माणसं मला म्हणतात, भावाचं चांगलं केलंस. मी मान हलवतो. दुसरं काय सांगणार, नदी तर अजून तशीच रंगते, आणि माझी शिफ्टही तीच आहे.

सुटताना गेटवर प्रत्येकाची पिशवी तपासायची असते. दादा सगळ्यांच्या तपासतो, माझी मात्र नाही. मी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरतो, म्हणतो, दादा, बघ ना, नियम आहे. मागचे चिडवतात, चल रे, वशिल्याचं तट्टू. दादा पिशवीला हात लावत नाही. म्हणतो, जा, पोरं जेवायची थांबली असतील. मग मी पिशवी मिटतो आणि निघतो.