टेपमधली ती बाई

हॅलो?… कोण, एनिड? बरं झालं बाई, तूच फोन केलास… नाही गं, माझी तब्येत ठणठणीत आहे. नवऱ्याचं काही खरं नाही… आजारी नाही! आजारी असता तर परवडला असता.

अगं ऐक ना… रविवारी टीव्हीवर 'नंबर नऊ, मिल लेन' पाहिलंस?… हो, हो, तोच भाग. म्हातारा पोस्टमन शिडीवरून थेट लग्नाच्या केकवर बसतो तो… मला नाही बाई हसू आलं. इतकी वर्षं तेच चाललंय. त्या नटाला आता शिडीवर चढवायलाच दोन माणसं लागत असतील… ते जाऊ दे. केक फुटतो ना, तेव्हा मागून प्रेक्षकांचं हसणं ऐकू येतं, त्यात एक माणूस हसतो. सायकलमध्ये हवा भरल्यासारखा. हुश्श, हुश्श, हुश्श… एनिड, तो विल्फ आहे!

…भास कसला? इतकी वर्षं संसार केला, नवऱ्याचं हसणं ओळखणार नाही?… घरात हसतो कुठे तो! घरात पेपर वाचतो आणि मटार कच्चे राहिले म्हणतो.

आणि पुढचं ऐक. त्याच्या अगदी शेजारी एक बाई हसते… हो, बाई! अंडं घातलेल्या कोंबडीसारखी, पक्-पक्-पकाक, आणि शेवटी उचकी. लाज ना शरम! शेजारची कुणी म्हातारी 'शूऽऽ' करते, तरी ही भवानी थांबत नाही… कोण म्हणून काय विचारतेस? हा हिरवळीवर चेंडू घरंगळवायला जातो ना, त्या बोल्स क्लबातली प्रुडेन्स ओक्स! नवरा जाऊन वर्ष झालं नाही, आणि विल्फला डब्यातून लिंबाचा केक देते. गेल्या महिन्यात हा कबुतरांचं खाद्य आणायला मँचेस्टरला गेला, टाय लावून. कबुतरांना टाय लागतो का गं?

…पुरावा? अगं, तो भाग टेप करून ठेवलाय त्यानं, आणि रविवारपासून रोज लावून बसतो. तेवढाच तुकडा. मागे घेतो, लावतो, पुन्हा मागे घेतो. मी चहा घेऊन गेले की खट्कन बंद. 'काय बघतोस?' तर म्हणे 'हवामान.' चोराच्या मनात चांदणं!… आता कबुतरांच्या खुराड्याकडे गेलाय, म्हणून तर मला ऐकता आलं… भीती वाटते गं. या वयात मी कुठे जाऊ?

…हॅलो? एनिड? हसतेस काय? तुला माहीत आहे ती कोण ते!… बोल, मी ऐकतेय.

…काय? उघड्या माळावर चित्रित केला हा भाग? पेपरात आलंय?… प्रेक्षक नव्हतेच? मग हसलं कोण?… जुनं टेप केलेलं हसू जोडलं? पहिल्या वर्षीच्या प्रेक्षकांचं? हसू काय बरणीत भरून ठेवतात, मुरांबा आहे का तो?… हो, त्या वर्षी चित्रीकरण बघायला गेलो होतो की आपण. चर्चच्या बसनं. तू, मी, विल्फ आणि आई… हो, पुढच्याच रांगेत. माझ्या एका बाजूला विल्फ, दुसऱ्या बाजूला आई…

थांब.

ते 'शूऽऽ'… आई?… हो गं, अशीच करायची. चर्चमध्येसुद्धा…

म्हणजे ती कोंबडी… मी? मी अशी हसायचे, एनिड?… एवढ्या मोठ्यानं?… कधी बंद झालं गं? माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही… आणि तो तेच ऐकत बसायचा? रोज?

…मागचं दार वाजलं. आला… विल्फ! बूट पुसून ये!… ती टेप लाव… हवामान नको, तोच तुकडा लाव. मला सगळं कळलंय… अरे, घाबरतोस काय? लाव.

…नाही गं, रडत नाहीये. तो बघ ना, चोरी पकडल्यासारखा उभा आहे, डोक्यावर कबुतराचं पीस… आणि त्याला पत्ताच… अगं बाई… थांब… हिक्!… अगं एनिड… हिक्!… ठेवते मी. पण तो टाय… हिक्!… टाय का लावला होता, ते विचारणारच आहे.