चावी काढल्यावर

मुलगी: मी एकही वायर कापणार नाहीये, बाबा. वायरी जिथे आधीच जोडलेल्या आहेत ना, त्या जोडातच माझी शिरवणार. नको वाटलं तर ओढून काढा, गाडी होती तशी.

बाबा: हॉर्नच्या वेळी हेच म्हणाली होतीस. मग मी गल्लीभर तोंडाने पों पों करत फिरलो.

मुलगी: तेव्हा मी शाळेत होते.

आई: करू दे तिला. नाहीतर संध्याकाळी दादा येतोय, तो गाडी घेऊन जाईल. राहील त्याच्या शेडमध्ये सुखाने.

बाबा: माझ्या वडिलांची गाडी, तुझ्या भावाच्या शेडमध्ये?

आई: परवा पुलावर गाडी बंद पडली, अंधार, आणि तुम्ही मागे उभे राहून रुमाल हलवताय. मी आत बसलेली. ट्रकचा ब्रेक ऐकला आणि मागे वळून बघायची हिंमत झाली नाही माझी. चारही दिवे लुकलुकल्याशिवाय ही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

बाबा: कंपनीने दिले नव्हते ते दिवे. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल.

मुलगी: दिवे तेच हो, आपले इंडिकेटरच. फक्त दिवे लुकलुकवणारा जुना फ्लॅशर दोनच बल्ब ओढतो, चार लावले की मान टाकतो, म्हणून हा वेगळा दणकट फ्लॅशर. आणि हा स्विच, दाबला तरच डावं-उजवं एकत्र. नाहीतर डावीकडे वळताना उजवीकडचाही लुकलुकेल, मागचा माणूस वेडा होईल. डॅशबोर्डच्या खाली बसवते, दिसणारसुद्धा नाही. फ्यूजवरून करंट घेतला, झालंच, हे बघा, दाबते हं.

बाबा: लागले की.

मुलगी: चारही. बघितलंत? बोला आता.

बाबा: बरे दिसतात. म्हणजे, वाईट नाही दिसत.

आई: झालं ना? चला मग, चहा टाकते.

(आई सवयीने चावी काढून घेते. दिवे विझतात.)

मुलगी: आई, चावी का काढलीस?

आई: या घरात गाडीतून उतरताना चावी कोण ठेवतं? एकदा हे आत विसरले, तेव्हापासून मीच काढते. पुलावरसुद्धा माझ्याच पर्समध्ये होती.

मुलगी: अरे देवा. मी चावीवरच्या फ्यूजला जोडलंय. म्हणजे पुलावर हे दिवे...

आई: लागलेच नसते. कळलं मला. दादाला फोन लावते.

मुलगी: आई, थांब ना. सोपं आहे. थेट बॅटरीवरून वायर आणायची, मध्ये फ्यूज टाकायचा, चावीशी संबंधच नाही. फक्त इंजिनाकडून आत यायला पत्र्याला एक भोक... छोटंसं. बाबा, असं बघू नका.

बाबा: भोक आहे.

मुलगी: कुठे?

बाबा: ब्रेकच्या पेडलच्या वर, रबराच्या बुचामागे. चावी काढली तरी बातम्या ऐकता याव्यात म्हणून तुझ्या आजोबांनी रेडिओची वायर थेट बॅटरीवरून आणली होती. स्वतः ड्रिल मारून.

मुलगी: म्हणजे ओरिजिनल गाडीला आजोबांनीच भोक पाडलं? आणि तुम्ही मला इतकी वर्षं पाना लावू देत नाही?

बाबा: त्यांची गाडी होती.

आई: आणि आता कोणाची आहे?

बाबा: ... तो पाना दे इकडे. बॅटरीचं टोक मी सोडवतो. तू आतून वायर ओढ. हळू, खेचू नकोस.

मुलगी: आली. आली, आली. टोक आवळलंत ना? फ्यूज टाकला. आई, चावी हातातच आहे ना? दाबू?

आई: दाब.

बाबा: लागले.

मुलगी: चावीशिवाय. आई? अगं, कुठे चाललीस?

आई: रस्त्यावर.

मुलगी: इथून दिसतायत की. किती लांब जाशील?

आई: ट्रकला ब्रेक मारून थांबायला जेवढं अंतर लागेल तेवढी. अहो, तुम्ही गाडीच्या मागे उभे राहा. परवासारखे.

बाबा: राहिलो. दिसतायत का दिवे?

आई: दिसतायत. तुम्हीसुद्धा दिसताय.