मासळीबाजारातले सरकारी बूट

...आणि वर मलाच विचारतात, "खमैस, बूट कुठे आहेत?" अहो, बूट कुठे आहेत म्हणजे काय? एकाचा तळ मासळीबाजाराच्या गटारातून समुद्राला मिळाला, दुसऱ्याचा मी सुतळीनं बांधून ठेवलाय, आणि साहेब विचारतायत बूट कुठे आहेत! तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं झाली, मी त्या बाजारात पाणी मारतोय. बाजार उठला की खवले, आतडी, वितळलेला बर्फ, माकुळाचं ते काळं चिकट पाणी... त्या फरशीवर मांजरसुद्धा भिंत धरून चालतं. आणि तिथं घालायला नगरपालिकेनं दिलेले बूट कसे? तर तळ असा गुळगुळीत, की सत्कारात हार घालून घ्यायला स्टेजवर चढायचंय म्हणून केलेत जणू!

तुम्ही म्हणाल, मग तुमची कामगार संघटना काय करते? थांबा. तिथंच तर घोडं पेंड खातंय. आमच्या संघटनेचा सरचिटणीस तिजानी. आता मानानं 'सी तिजानी' म्हणायचं हां, पूर्वी नुसता तिजानी होता. माझ्या शेजारच्या गल्लीत झाडू मारायचा, आणि मारता मारता पुढाऱ्यांच्या अशा नकला करायचा, अशा नकला करायचा, की आम्ही झाडू टाकून पोट धरून बसायचो. तेव्हाच कळायला हवं होतं की हा सराव चाललाय... पण नाही कळलं. आणि खोटं कशाला बोलू, धुळीवर उतारा म्हणून आम्हाला रोज अर्धा लिटर दूध मिळतं ना, ते त्यानंच भांडून मिळवलं. माणूस आपला आहे हो, तसं काही नाही.

मग आम्ही संप केला. अकरा दिवस! कशासाठी, ऐका. साहेब लोक म्हणे ठेकेदाराशी संगनमत करतात आणि आम्हाला सडका माल देतात, तेव्हा बूट-कपड्यांच्या खरेदी समितीत आमचा एक माणूस बसलाच पाहिजे, डोळ्यांत तेल घालून बघायला. उन्हात बसलो, पावाला हरीसा, ती आमची मिरचीची चटणी, लावून खाल्ला, घोषणा देऊन घसे बसले. अकराव्या दिवशी मागणी मान्य. तिजानीला उचलला आणि गावभर नाचवला. डावा खांदा माझा होता, अजून थंडीत दुखतो. उजवा खांदा जिलानीचा. जिलानी म्हणजे माझा जोडीदार, बाजारात पाण्याची नळी मी धरतो आणि खराटा तो. वरून तिजानी ओरडत होता, "आता तुमच्या पायांची काळजी मी घेणार!" आणि खाली आम्ही दोघं त्याचं वजन सांभाळत म्हणत होतो, वा, वा.

घेतली की काळजी! साहेबांच्या त्या चोर ठेकेदाराचे बूट आठ महिने टिकायचे. आपला माणूस समितीत बसल्यावर जे बूट आले ते किती टिकले? आठ दिवस. आणि बूट दिले कुणी? लसादनं. लसाद कोण? तिजानीच्या बायकोचा सख्खा भाऊ. परवापरवापर्यंत लग्नात खुर्च्या भाड्यानं द्यायचा बिचारा, बुटातलं त्याला एवढंच कळतं की पायांत घालतात.

मी विचारलं ना तिजानीला. तोंडावर विचारलं! म्हटलं, "सी तिजानी, मेव्हण्याकडूनच का?" तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुखऱ्याच खांद्यावर, आणि म्हणतो कसा, "भावा, परका फसवून पळून जातो. मेव्हण्यानं फसवलं तर निदान त्याचा कान धरता येतो." आता यावर काय बोलणार तुम्ही? मला तर ते पटलंसुद्धा! घरी येऊन बायकोला, मबरूकाला, सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, मग धरला का कान?"

लेखी तक्रार केली. तक्रार गेली दर्जा तपासणी समितीकडे. समितीचा अध्यक्ष कोण? ओळखा! बरोबर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मासळीबाजारात कोणी फिरकलं नाही हां, तपासणी झाली संघटनेच्या कार्यालयात, गालिच्यावर. तिजानीनं स्वतः ते बूट घातले, खिडकीपासून दारापर्यंत चालला, परत आला, चहाचा पेला उचलला, त्यातले चिलगोजे चावत मला म्हणाला, "घसरलो का मी?" नाही घसरला. तो कशाला घसरतोय... सगळे म्हणाले, जाऊ दे खमैस, ताणू नकोस, माणूस आपला आहे.

शेवटी जिलानीनंच सोय केली. त्याचा भाऊ मासेमारीच्या बोटीवर आहे, त्याच्याकडून दोन जोड आणले, हिरवे, रबरी, गुडघ्यापर्यंत. तुम्हाला सांगतो, ते बूट घातल्यावर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या फरशीवर ताठ चाललो. चार महिने सुखाचे गेले. आणि मग नवे साहेब फेरीला आले. जिलानी त्या वेळी बर्फाच्या गाडीमागे होता, सुटला. मी मधोमध, हातात नळी, पायांत हिरवे बूट, आणि चेहऱ्यावर मूर्खासारखं हसू, की बघा साहेब, किती स्वच्छ! साहेबांनी पायांकडे बघितलं. "हे काय? सरकारी बूट कुठे आहेत?"

झालं. गणवेशाचा अवमान. शिस्त समितीपुढे हजर व्हा. आणि दोषी ठरलात तर बदली, कुठे? कचरा डेपोवर. आता तो आमचा डेपो म्हणजे गावाबाहेर बारा महिने धुमसत असतो, आणि मला दमा आहे हो. दवाखान्यातल्या बाईंनी स्वच्छ सांगितलंय, "खमैस, शेजारी कोणी सिगरेट ओढली तरी उठून जात जा." मबरूकानं काय केलं? फक्त माझा दम्याचा फवारा उशीखालून काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता शिस्त समितीत कामगाराची बाजू कोण मांडतो? संघटनेचा सरचिटणीस. म्हणजे माझा वकील तिजानी. बूट चांगले आहेत असा दाखला दिलाय कोणी? तिजानीनं. आणि निकाल देणाऱ्यांत कामगारांच्या बाजूनं बसतो कोण? अहो, दमलो सांगून! तीन खुर्च्या आणि बूड एकच.

सुनावणीआधी त्यानं मला समोरच्या कॅफेत नेलं. कॉफी मागवली, साखर स्वतः ढवळून दिली. म्हणतो, "भावा, तू आत जाऊन बूट खराब आहेत असं म्हणालास, तर ती माझ्याविरुद्ध तक्रार झाली. बरोबर?" म्हटलं, बरोबर. "मग माझ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याची वकिली मीच कशी करू? ते नैतिकतेला धरून होईल का? उद्या लोक म्हणतील, तिजानीनं हितसंबंध सांभाळले!"

शपथेवर सांगतो, हेच शब्द. आणि चेहरा असा गंभीर... नक्कल असती ना, तर आम्ही झाडू टाकून हसलो असतो.

मग खिशातून कागद काढला. तयारच होता. 'मला मिळालेले बूट उत्तम व टिकाऊ असून त्या दिवशी मी ते घरी विसरलो.' खाली माझं नाव. म्हणाला, "सही कर, नुसत्या ताकिदीवर सोडवतो. छाती सांभाळ, भावा." मी खिशाला हात लावला पेनासाठी, आणि हाताला लागला फवारा. तुम्ही काय केलं असतं? नाही, सांगा ना! मी सही केली. आत तिजानी माझ्या बाजूनं असा बोलला, असा बोलला, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ताकीद मिळाली, सुटलो. बाहेर सगळे पाठ थोपटत होते, "बघितलंस? शेवटी माणूस आपला आहे!"

पुढच्या महिन्यात संघटनेची निवडणूक, ट्रकच्या आवारात सभा, हात वर करून मतदान. तिजानी पुन्हा उभा. विरोधात कोणी नाही. एवढ्यात जिलानी उठला. त्याला कोणी सांगितलं होतं? मी नव्हतं सांगितलं हो! उठला आणि म्हणाला, "मतदानाआधी एकच विचारतो. बूट कुणाच्या मेव्हण्याचे?" मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी सांगून कोणाला पटायचं नाही. खमैसला विचारा. एकोणीस वर्षं त्या फरशीवर आहे, तो खोटं नाही बोलायचा."

तिजानीला राग नाही आला. हसला. फाइलमधून कागद काढला आणि वाचला, मोठ्यानं, सावकाश. उत्तम व टिकाऊ. खाली सही, खमैस, मासळीबाजार. मग मला विचारलं, "भावा, ही सही तुझीच ना?"

जिलानी माझ्याकडे बघत होता. मी माझ्या बुटांकडे.

"माझीच," म्हणालो.

जिलानी खाली बसला. मतदान झालं. हात वर करा म्हणाले, आणि तुम्हाला काय सांगू, पहिला हात कुणाचा वर गेला? डावा खांदा दुखतो ना माझा, म्हणून उजवा केला.

आठ दिवसांत साहेबांना अचानक जिलानीचे हिरवे बूट दिसले. इतके दिवस दिसले नव्हते, तेव्हाच दिसले. त्यालाही कॅफेत नेलं, कॉफी पाजली, कागद पुढे केला. त्यानं कॉफी प्यायली आणि कागदावर पेला पालथा घातला. आता डेपोवर असतो. तिथल्या लोकांना दुप्पट दूध मिळतं म्हणे, तिजानीनं भांडून मिळवलं, सभेत टाळ्या झाल्या त्याबद्दल. मीही वाजवल्या.

जाण्याच्या आदल्या दिवशी जिलानी घरी आला. आता ऐकवेल मला, दोन शिव्या घालेल, घालू दे, मोकळं होईल... पण काही नाही. जप्त होऊन परत मिळालेले त्याचे हिरवे बूट दारात ठेवले; माझे जप्त झाले ते तर गेलेच होते. म्हणाला, "तिकडे कोरडंच असतं सगळं. तुझ्या पायाला होतील बघ, तू घसरतोस." आणि गेला.

आता ते मी घालू कसे? माझे सरकारी बूट उत्तम व टिकाऊ आहेत, तसं लिहून दिलंय मी. मबरूकानं त्या हिरव्या बुटांत माती भरून पुदिना लावलाय. छान फुटलाय. रोज चहात घालतो, आणि चहा पिता पिता डेपोकडचा धूर दिसतो खिडकीतून... माणूस आपला होता हो.